वाणात आलेलं नाव

राग आला की माणसाचं डोकं तापतं, दुःख झालं की घसा दाटतो, आणि हेवा वाटला की माझ्या जिभेची चव जाते. समोर काहीही ठेवा, अळणीच लागतं. गेल्याच्या आधीच्या नवरात्रात शेजारच्या आक्कांकडे कोलूला गेले होते, तेव्हा असंच झालं. बाकीच्या बायका त्यांचं हरभऱ्याचं सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली कोरडी उसळ, दुसऱ्यांदा मागून घेत होत्या आणि मी म्हणाले, "सुंडल बरं झालंय आक्का, मीठ जरा कमी वाटतं."

"होकी?" आक्का म्हणाल्या आणि स्वतःच्या हातावर दोन दाणे घेऊन चाखून पाहिले. बाई सुज्ञ.

मीठ ठीक होतं हो. बिघडलं होतं ते वरच्या पायरीवर. नवरात्रात इकडे तमिळ मुलखात घरोघरी पायऱ्या मांडून त्यांवर बाहुल्या बसवतात, तो कोलू. सगळ्यात वरच्या पायरीवर कलश आणि देव, मग खाली उतरत उतरत राजा-राणी, वाणी-वाणीण, लग्नाची वरात. आक्कांनी त्या वर्षी वरच्या पायरीवर कलशाच्या दोन्ही बाजूंना आपल्या मुलीचे छापून आलेले पेपर उभे केले होते. एकेक पेपर प्लॅस्टिकच्या कव्हरात, कव्हराला हळदीकुंकू लावलेलं. येणाऱ्या बाईनं देवाला नमस्कार केला की तो आपोआप पेपरांनाही पोचायचा. मीही केला. काय करणार, मान तर वाकवायलाच हवी.

आता या आक्का कोण ते सांगते. आमच्या वेळचेरीच्या इमारतीत एकाच मजल्यावर त्यांचं दार आणि आमचं दार समोरासमोर. त्या तंजावरकडच्या मराठी. त्यांची माणसं कोणत्या पिढीत इकडे उतरली ते त्यांच्या सासऱ्यांनाही सांगता येत नसे. आम्ही कराडकडचे. आमचे हे इरुंगाट्टुकोट्टैच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात तपासणी खात्याला लागले म्हणून आम्ही इथं आलो आणि राहिलो. मी 'सांगितलं' म्हणते, आक्का 'सांगटलं' म्हणतात. त्या मराठी बोलायला लागल्या की चाल तमिळची असते, शब्द आजीच्या आजीचे असतात. मी त्यांच्या मराठीला हसायचे, त्या माझ्या तमिळला. भाजीवाल्याशी मी भांडायला लागले की त्या दारात येऊन उभ्या राहायच्या, म्हणायच्या, "भांडा की ताई, ऐकायला बरं वाटतं." अशी आमची मैत्री. तिच्यात हेवा होताच, पण तो लोणच्यातल्या तेलासारखा, वरवर तरंगणारा. त्यानं लोणचं टिकतं.

आमची दोघींची एकेक मुलगी. दोघी इंजिनीअर झाल्या आणि दोघी शहराबाहेरच्या एकाच खाजगी कॉलेजात, एकाच खात्यात शिकवायला लागल्या. सकाळी एकाच शेअर ऑटोत बसून जायच्या. इथपर्यंत सगळं बरोबरीचं होतं. मग हे पेपर आले आणि तराजू कलला.

मी सातवीपर्यंत शिकले. पुढचं जे काय आलं ते विचारून विचारून आलं. तमिळ मी मालिका बघून शिकले, इंग्रजी अक्षरं औषधाच्या पाकिटांवरून लावली. त्यामुळे पेपर म्हणजे काय हे मला कुणी शिकवलेलं नाही, मी मुलीच्या मागे लागून काढून घेतलं. तर ते असं, की कॉलेजात शिकवणाऱ्या माणसानं नुसतं शिकवून भागत नाही. काहीतरी शोधायचं, मोजायचं, लिहायचं आणि जर्नलकडे पाठवायचं. जर्नल म्हणजे त्या विषयाचं मासिक. ते लोक तुमचं लिखाण दोन-तीन जाणत्या माणसांना वाचायला देतात, त्यांची नावं तुम्हाला सांगत नाहीत. ती माणसं चुका काढतात. चुका निस्तरल्या तर छापतात, नाहीतर परत पाठवतात. मुलगी दाखवण्याचा कार्यक्रमच म्हणा, फरक एवढाच की पोहे द्यावे लागत नाहीत. असे अमुक इतके पेपर झाले की बढती.

आक्कांच्या मुलीचे दर दोन-तीन महिन्यांनी छापून यायचे. आमच्या मुलीचं म्हणजे काय सांगू. आमच्या वेळचेरीत पाणी भरतं ते साऱ्या शहराला माहीत आहे. मोठा पाऊस येणार म्हटलं की लोक आपल्या गाड्या नेऊन उड्डाणपुलावर लावून येतात, पोलीसही काही बोलत नाहीत. तर आमची मुलगी त्या पाण्यामागे लागली. ते कुठून येतं, कुठल्या गल्लीत आधी चढतं, ओसरायला किती वेळ घेतं. गल्लोगल्ली भिंतींवर आणि खांबांवर तिनं पांढऱ्या रंगाच्या खुणा केल्या आणि पाऊस लागला की चपला हातात घेऊन ती त्या खुणा बघत हिंडायची. एका वर्षी पाऊसच कमी झाला. सगळी वेळचेरी देवाचे आभार मानत होती आणि आमच्या घरात सुतकी तोंड. पुढच्या वर्षी एका घरमालकानं घर रंगवताना खुणा पुसून टाकल्या. शेवटी तिनं लिहून पाठवलं तर जर्नलवाल्यांनी परत पाठवलं, म्हणे अजून एका पावसाळ्याची मोजणी जोडा.

"एका पावसाळ्यात काय नवीन पाणी पडणार आहे?" मी विचारलं.

"त्यांचं बरोबर आहे, आई."

"तुला सगळ्यांचंच बरोबर वाटतं. समोरचीचं बघ, तिला पाऊस लागत नाही की ऊन लागत नाही. कोरड्या अंगानं छापून येतात."

मुलगी हसली. मग तिनं सांगितलं ते कसं छापून येतं. त्यांच्या खात्यात सहा जणांचं एक टोळकं होतं. एकानं पेपर लिहिला की त्यात सहाही जणांची नावं घालायची. मग दुसऱ्यानं लिहिला की पुन्हा सहाही नावं. ज्यानं त्यानं वर्षाला एक लिहायचा आणि सहा मोजायचे. टोळक्यात ये म्हणून हिलाही बोलावलं होतं, ही गेली नव्हती.

मी तर म्हटलं, यात वाईट ते काय? हे तर आपलं संक्रांतीचं वाण झालं. मी तुमच्या पदरात वाटी घालते, तुम्ही माझ्या पदरात डबी घाला. महिना संपता संपता सगळ्यांच्या घरी सगळं पोचतं. शेकडो वर्षं बायका हे करत आल्यात, कुणाचं काय बिघडलं?

"वाटी कोणी घडवली असं कोणी विचारत नाही, आई. पेपरावर नाव म्हणजे हे मी केलं, याचं मी उत्तर देईन, असं लिहून देणं आहे."

"कोण येतंय विचारायला?"

"कोणी येत नाही," ती म्हणाली. "म्हणून तर."

हे तिचं असं अर्धवट बोलणं मला आवडत नाही. बापावर गेली आहे.

वाणाचं मी उगाच म्हटलं नाही. आक्कांकडे हळदीकुंकू होतं, पण संक्रांतीला वाण लुटायची आपल्याकडची रीत त्यांच्यात नव्हती, ती मी शिकवली. पहिल्या वर्षी त्यांनी मला बारीक बारीक विचारून घेतलं. काय द्यायचं, कुठल्या हातानं द्यायचं, कुणी नको म्हटलं तर काय. मी सांगितलं, वाणाला नको म्हणायचं नसतं आणि घेतलेलं वाण परत करायचं नसतं. हे वाक्य माझ्या तोंडचं आहे, लक्षात ठेवा, पुढे ते माझ्याच गळ्यात आलं. झालं काय, की दोन वर्षांत आक्कांचं हळदीकुंकू माझ्यापेक्षा मोठं व्हायला लागलं. मी प्लॅस्टिकच्या गाळण्या दिल्या तर त्यांनी स्टीलचे डबे दिले. माझ्या तिळाच्या वड्या त्या माझ्यापेक्षा पातळ थापायला लागल्या. इमारतीतल्या नव्या मराठी पोरी, त्या आयटीवाल्या, मलाच विचारायच्या, "काकू, यंदा समोरच्या आक्कांचं हळदीकुंकू कधी आहे?" माझी रीत, माझ्या वड्या, आणि निमंत्रण त्यांचं.

तर त्या नवरात्रानंतरच्या संक्रांतीला मी त्यांच्याकडे गेले. हळदीकुंकू लावून झालं, अत्तर लावून झालं, सगळ्यांना डबे मिळाले. मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही थांबा." बाकीच्या गेल्यावर त्यांनी मला पाटावर बसवलं. माझ्या पदरात स्टीलचा डबा घातला, त्यावर एक नवंकोरं प्लॅस्टिकचं कव्हर ठेवलं आणि कव्हरावर तिळाची वडी.

"उघडा की."

आत पेपर होता. वर इंग्रजीत लांबलचक मथळा आणि त्याखाली नावांची रांग. मी औषधाच्या पाकिटासारखं एकेक अक्षर लावत गेले. पहिलं त्यांच्या मुलीचं. मग दुसरं, तिसरं, असं सहापर्यंत. आणि शेवटी माझ्या मुलीचं. वडिलांच्या नावासकट.

"आमच्या पोरीला मीच सांगटलं," आक्का म्हणाल्या. "जूनमध्ये दोघींची बढतीची मुलाखत आहे. तुमच्या मुलीला एक कमी पडतो म्हणून ऐकलं. एक नाव जास्त घातलं तर काय, शाईच लागते की. वाण आहे ताई, नको म्हणू नका."

खरं सांगते, माझे डोळे भरले. आणि भरलेल्या डोळ्यांच्या मागे लगेच दुसरं काहीतरी टोचायला लागलं. म्हणजे आता ही बाई द्यायलाही माझ्या पुढे. तिच्याकडे इतकं आहे की ती वाटू शकते आणि मी पदर पसरून बसले आहे. तिनं काही वाईट केलं असतं तर मला इतकं लागलं नसतं.

तरी घरी आले ती नाचतच. मुलगी टेबलाशी बसली होती. मी पेपर तिच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "घे. पुरे झाले तुझे."

तिनं मथळा वाचला. नावं वाचली. मग पान उलटलं, पुन्हा पहिल्या पानावर आली. चेहरा असा झाला की मला वाटलं कुणी गेल्याची बातमी आहे.

"आई, हा राखेच्या विटांवर आहे."

"बरं मग?"

"मी आयुष्यात राखेची वीट बघितलेली नाही."

"बघून ये. गुम्मिडिपूंडीच्या बाजूला मिळत असतील."

ती हसली नाही. "उद्या कोणी ही वीट घरात लावली आणि मला विचारलं, बाई, ती किती भार घेते, तर मी काय सांगू?"

मला राग आला. मी म्हटलं, गेली किती वर्षं तू पाण्यातून हिंडतेस, पायाला चिखल्या होतात, त्याचं कोणी नाव छापलं नाही. आता एवढं नाव कोणी प्रेमानं छापलं तर तुला वीट आठवते. जूनमध्ये एकच जागा आहे. हा पेपर धरला तर तू तिच्या बरोबरीला येतेस. नाही धरला तर मुलाखतीआधीच मागे पडशील. आणि वाण आहे ते, वाण परत करत नाहीत.

"मग तू ठेव वाण," ती म्हणाली. "मी जर्नलला लिहिते नाव काढायला."

आमचे हे पेपर वाचत होते, रोजचा, बातम्यांचा. त्यांनी मान वर केली नाही, पण पान उलटायचंही थांबले. मी म्हटलं, "तुम्ही काही बोला."

"कारखान्यात मी तपासलेल्या मालावर माझा शिक्का पडायचा," ते म्हणाले. "माझा शिक्का दुसऱ्या कोणी प्रेमानं मारला असता, तर मी त्याला चहा पाजला नसता."

एवढं बोलून त्यांनी पान उलटलं. घरात दोन जण एका बाजूला आणि मी एकटी. मला समोरच्या घराचा पुन्हा हेवा वाटला. तिथं आई म्हणते ते मुलगी ऐकते.

नाव काढायचं तर नुसतं हिनं लिहून भागत नव्हतं. ज्यांची ज्यांची नावं होती त्या सगळ्यांनी मान्य आहे असं कळवायचं होतं. म्हणजे आक्कांच्या मुलीला आधी सांगणं आलं. मुलगी म्हणाली मी कॉलेजात बोलते. मी म्हटलं, ते वाण माझ्या पदरात पडलंय, तोंड मलाच घेऊन जावं लागेल. रिकामा डबा परत करायची आपली पद्धत नाही. मी वड्या केल्या, चांगल्या पातळ थापल्या, डब्यात भरल्या, आणि कव्हर डब्याच्या तळाशी घातलं. वर ठेवायचा धीर झाला नाही.

आक्कांनी डबा तिथंच उघडला. एक वडी तोंडात टाकली, दुसरी उचलली, आणि खालचं कव्हर दिसलं.

"हे काय ताई?"

मी सांगायला लागले. मुलगी अशी आहे, बापासारखी, हट्टी. तिला विटांमधलं कळत नाही. तुमचं मन मोठं, पण तिचं म्हणणं असं, की जे केलं नाही त्यावर नाव नको. बोलता बोलता माझं मलाच कळलं, की मी मुलीची बाजू मांडते आहे आणि ती ठीक मांडते आहे.

आक्कांनी हातातली वडी परत डब्यात ठेवली. मग म्हणाल्या, "तुम्हीच सांगटलं होतं, वाण परत करत नाहीत."

"सांगितलं होतं."

"मग आमच्या घरचंच का परत येतं?"

तेवढ्यात त्यांची मुलगी आतून आली. तिनं सगळं ऐकलं असावं. हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, केस कसेतरी बांधलेले. लहानपणापासून माझ्या हातची थालीपीठं खाल्लेली पोर, तिच्याकडे मला नीट बघवेना.

"मावशी, मी कळवते उद्या. बाकीच्यांनाही सांगते," ती म्हणाली. "पण तिला एक विचारा. सगळे असंच करतात तिथं तिनं एकटीनं नाव काढून घेतलं, की आम्ही कसे दिसतो?"

"तिनं तुमच्याबद्दल काही म्हटलेलं नाही ग."

"तेच तर," ती म्हणाली आणि आत गेली.

आक्कांनी वड्या दुसऱ्या ताटलीत काढल्या, डबा धुतला, पुसला आणि माझ्या हातात दिला. रिकामा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

त्यानंतर आमच्या दोन दारांमध्ये नुसती फरशी उरली. लिफ्टमध्ये भेटलो की त्या विचारायच्या, "जेवण झालं की?" मी म्हणायचे, "झालं, तुमचं?" आणि मग दोघी आकडे उतरताना बघत राहायचो. मुली मात्र एकाच शेअर ऑटोनं जात होत्या. गर्दीच्या वेळी दुसरी मिळत नाही.

जूनमध्ये मुलाखत झाली. आमच्या मुलीनं यादीत तो पेपर घातला नाही. आत कोणीतरी कॉम्प्युटरवर बघून विचारलंच, की हा एक तुमच्या नावावर दिसतो, तो यादीत कसा नाही. ती म्हणाली, तो माझा नाही, नाव काढायला कळवलं आहे. पुढचा प्रश्न कोणी विचारला नाही. जागा आक्कांच्या मुलीला मिळाली.

संध्याकाळी दारावर मैसूरपाक आला. आक्का स्वतः घेऊन आल्या. मी तोंड भरून कौतुक केलं, पोरीला आशीर्वाद पाठवला, एक तुकडा त्यांच्यासमोर खाल्ला. भुसा खाल्ल्यासारखा लागला. दार लावलं आणि मुलीवर घसरले.

"आता तरी बोल. जा त्या प्रिन्सिपॉलकडे आणि सांग, त्या नावांतल्या किती जणांनी वीट हातात धरली होती. होऊ दे एकदा सगळं उघड."

ती मैसूरपाक खात होती. चवीनं खात होती, त्याचंही मला नवल वाटलं. म्हणाली, "मला काय माहीत कोणी धरली होती? मी तिथं नव्हते."

"सगळ्या कॉलेजला माहीत आहे."

"मला माहीत नाही. जे मला माहीत नाही त्याच्यावर मी सही करत नाही. तिच्या बाजूनं केली नाही, तशीच तिच्या विरुद्धही करणार नाही." मग बोटं पुसत म्हणाली, "उलट तिनंच सगळ्यांच्या मागे लागून मला ते मान्यतेचं मिळवून दिलं. एक जण तर देत नव्हता. तिला काय गरज होती?"

मी त्या रात्री जेवले नाही. वाईट वाटलं म्हणून नव्हे. हेव्यानंच. समोरची मुलगी पुढे गेली याचा हेवा होताच, त्यात आता माझ्या मुलीच्या हेव्याची भर पडली. मला सारं आयुष्य दुसऱ्याच्या ताटात बघायची सवय, आणि ही माझ्याच पोटची, हिला दुसऱ्याच्या घरचा मैसूरपाक गोड लागतो. हे हिला कुठून मिळालं? मला का नाही मिळालं? पोटच्या पोरीचा हेवा करणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. पाहा.

इकडचा मोठा पाऊस दिवाळीच्या सुमाराचा, त्याआधी जर्नलचं उत्तर आलं. त्यांनी नाव काढलं, आणि काढल्याचं छापलं. मला हे ठाऊक नव्हतं. मला वाटलं होतं गुपचूप खोडतील. पण नाही, त्यांची पद्धत अशी की चूक झाली तर चूक कुठली ते छापून सांगायचं. मुलीनं फोनवर दाखवलं. चार-पाच ओळी होत्या. अमुक पेपरात अमुक यांचं नाव लेखक म्हणून चुकीनं आलं होतं, त्यांचा या कामात सहभाग नव्हता, त्यांच्या विनंतीवरून आणि इतर लेखकांच्या संमतीनं ते काढलं आहे. त्या ओळींत माझ्या मुलीचं पूर्ण नाव होतं. बाकी कुणाचंच नव्हतं.

मी तो कागद खालच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला. आणि नवरात्र आलं तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा कोलू मांडला.

आमच्याकडे घट बसतात, बाहुल्या बसत नाहीत. पण म्हटलं, त्यांनी माझं वाण घेतलं, मी त्यांचा कोलू घेते. मैलापूरच्या फुटपाथवरून मातीच्या बाहुल्या आणल्या. पायऱ्या विषम लागतात म्हणून तीन केल्या, दोन खुर्च्या, एक जुनी पेटी आणि वर यांचं धुतलेलं धोतर. वरच्या पायरीवर कलश, आणि कलशाला टेकून प्लॅस्टिकच्या कव्हरात तो कागद.

मुलगी घरी आली आणि बघतच राहिली. "आई, ते काढ. शुद्धिपत्र कोणी मिरवतं का?"

"तू नको मिरवूस. मी मिरवते."

"त्यात लिहिलंय की मी काही केलेलं नाही."

"वाचता येतं मला."

ती आमच्या यांच्याकडे वळली. यांनी कागद जवळून बघितला, कव्हर सरळ केलं आणि जाऊन बसले.

कोलूचं बोलावणं कोणी नाकारत नाही, भांडण असलं तरी. म्हणून आक्का आल्या. रेशमी साडी, डोक्यात मोगरा. मी हळदीकुंकू लावलं. त्यांनी बाहुल्या पाहिल्या, वाणी-वाणीण उलटी बसवली होती ती न बोलता सरळ केली. मग देवाला हात जोडले आणि हात जोडलेलेच ठेवून कागद वाचायला लागल्या. त्यांना इंग्रजी माझ्यापेक्षा बरं येतं. शेवटपर्यंत वाचला. मग पुन्हा वरपासून वाचला.

"एकटीचंच नाव आहे की," त्या म्हणाल्या.

"हो."

"आमच्या पोरीचं असं एकटं कुठं नाही." हे त्या मला म्हणाल्या की कलशाला, ते मला कळलं नाही. त्यांची मुलगी आता वरच्या जागेवर होती, पगार वाढला होता, खोलीला तिच्या नावाची पाटी लागली होती. आमची अजून खालीच होती आणि बाहेर ढग भरून आले होते, म्हणजे तिला पुन्हा खांब मोजत हिंडायचं होतं. या सगळ्याचा मला हेवा वाटत होता आणि आजही वाटतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

मी त्यांना पाटावर बसवलं, विडा-सुपारी दिली आणि द्रोणात सुंडल दिलं. हरभऱ्याचंच केलं होतं, त्यांच्याच पद्धतीचं, वर खोबरं आणि मोहरीची फोडणी. मीठ मी तीनदा चाखून घातलं होतं. यांनी आणि मुलीनंही चाखलं होतं.

आक्कांनी चार दाणे तोंडात टाकले, सावकाश चावले, आणि त्यांची नजर पुन्हा वरच्या पायरीकडे गेली.

"सुंडल बरं झालंय ताई," त्या म्हणाल्या. "मीठ जरा कमी वाटतं."

"होकी?" मी म्हणाले, आणि हातावर दोन दाणे घेऊन चाखून पाहिले. इतकी चव मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती. मी त्यांच्या द्रोणात आणखी एक पळीभर घातलं, आणि त्यांनी नको म्हटलं नाही.